कच्चा उजेड

उजवा तळहात उगवतीकडे धरायचा, मनगट सावकाश फिरवायचे, बोटांच्या पेरांवर ऊन कोठे पडते आणि छाया कोठे उतरते ते न्याहाळायचे आणि मग मान हलवून म्हणायचे, "थांबा गुरुजी. उजेड अजून कच्चा हाय."

शिरूर कासारला सिंदफणेच्या कोरड्या पात्रात हिवाळ्याच्या कितीतरी सकाळी मी हे वाक्य ऐकले. झाडावरचे सीताफळ बोटाने हलकेच दाबून पाहावे, तसे आमच्या गावचे ते फोटोवाले उजेड पाहत.

आपल्यापैकी ज्यांनी त्या काळी एस.टी. स्टँडजवळच्या त्यांच्या स्टुडिओत फोटो काढून घेतला असेल, त्यांना तेथील पडदा आठवत असेल. पडद्यावर एक मोठा धबधबा रंगवलेला होता. विहिरी तळाला गेलेल्या, दुष्काळी कामांवर मजुरांना खायला सुकडी वाटली जात असलेली आणि दूध सोसायटीचे सभासद व साखर कारखान्याचे भागधारक ओळखपत्राच्या फोटोसाठी त्या धबधब्यापुढे कोरड्या ओठांनी बसलेले, असे ते दृश्य असे. दोन बाजूंना दोन दिवे लावून ते सर्वांना एकच सूचना देत, "टोपी मागं सारा. कान दिसू द्या. सोसायटीला कान लागत्यात."

स्टुडिओच्या आत त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. उघड्यावर मात्र त्यांनी कधी फोटो काढलाच नव्हता, आणि त्याची गरजही कोणाला पडली नव्हती.

ती गरज कशी पडली, हे त्यांनीच मला पुढे एका सकाळी सांगितले. ते ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत राहत. दसरा उलटला की आमच्या गावातील निम्मी माणसे ऊसतोडीसाठी ट्रकांतून पश्चिमेकडे जातात. मागे उरतात म्हातारी माणसे, शेळ्या आणि दारांवरची कुलपे. एका वर्षी त्यांच्या शेजारच्या तरुणाने निघण्याच्या सकाळी त्यांना हाक मारली. आईचा फोटो हवा होता, ती सोबत येणार नव्हती. यांनी कॅमेरा आणला आणि म्हातारीला दारात बसवले. त्या घराचे दार मावळतीला होते. घरामागून सूर्य वर येत होता. ट्रक निघून गेला, आणि फिल्म धुतल्यावर यांना कळले की म्हातारीचे लुगडे आले आहे, हात आले आहेत, मागचे आभाळ आले आहे; तोंड तेवढे काळे आले आहे.

"म्हटलं, उद्या परत काढू," ते मला म्हणाले. "उद्या, परवा करत आठ दिस गेले. मग म्हातारीच गेली."

मुलगा तोडीवरून तीन दिवसांसाठी आला. यांनी होता तो फोटो त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "आईच हाय. लुगडं वळखू येतंय." एवढेच. त्याने तो फोटो चौकटीत घालून भिंतीवर लावला.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

त्याच हिवाळ्यापासून ते रोज पहाट सरता सरता नदीच्या पात्रात येऊ लागले. डोक्याला माकडटोपी, गळ्यात दुहेरी भिंगांचा जुना कॅमेरा. वरून मान खाली घालून त्याच्या काचेत पाहावे लागे. रोज एकच फोटो काढायचा, दुसरा नाही. मी एकदा कारण विचारले. ते म्हणाले, "दुसरा हाताशी हाय म्हटलं की पयल्यात जीव लागत न्हाई."

मी तेव्हा हायस्कुलात संस्कृत शिकवून नुकताच निवृत्त झालो होतो. पत्नी आदल्या वर्षी गेली होती. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला होता. घरात बोलायला देवघराखेरीज कोणी नव्हते. पात्रातील वाळूत खणलेल्या झिऱ्यावर तांब्याभर पाण्याने स्नान करावे, सोवळ्याचे धोतर धुऊन खडकावर पसरावे आणि ते वाळेपर्यंत आसनावर बसून संध्या व जप करावा, असा माझा क्रम होता. त्या ओसाड पात्रात आम्ही दोघेच असू. पहिले काही दिवस आम्ही एकमेकांकडे पाहिलेही नाही. मग एके दिवशी लांबूनच आवाज आला, "गुरुजी, खडकांचे लई फोटू झाले. मला मान्साचं तोंड पायजे. तुमी न्हाईतरी हलत न्हाईत."

"माझा जप चाललेला असतो," मी म्हणालो.

"चालू द्या की. माझाबी जपच हाय."

मला हे उत्तर थोडे उद्धट वाटले. घरी जाताना मात्र मी ते पुन्हा पुन्हा मनात घोळवत राहिलो.

अशा रीतीने मी त्यांचा सरावाचा चेहरा झालो. ते आज सूर्य माझ्या समोर घेत, उद्या कुशीला, परवा पाठीशी. धुके असेल त्या दिवशी वेगळे, अभ्र असेल त्या दिवशी वेगळे. फिल्म धुतली की निकाल सांगत, आणि निकालही आमच्या शाळेतल्या रीतीने. "परवाचा नापास, गुरुजी. तुमचं धोतर पांढरं फेक आलं आन् तुमी कुठं दिसंनात." कधी म्हणत, "पस्तीस मार्क. ढकलून पास." गुण ते फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहीत. मी आयुष्यभर मुलांना तपासले, पण स्वतःला इतक्या निष्ठुरपणे तपासणारा विद्यार्थी माझ्या वर्गात कधी आला नव्हता.

एक गोष्ट मी सुरुवातीपासून पाहत होतो. ते नेहमी आठ-दहा हात दूर उभे राहत. सूर्य त्यांच्या पाठीशी असला की हिवाळ्यातली ती लांबलचक सावली वाळूवरून सरपटत माझ्या आसनाकडे येई, आणि ती पोहोचण्याआधीच ते लगबगीने बाजूला सरत. एकदोनदा ती माझ्या पायांवर आलीच, तेव्हा ते म्हणाले, "सावली पडली बघा तुमच्यावर. चुकलंच माझं." फोटोत सावली येणे हा दोष आहे, एवढे मलाही समजत होते. मी एकदा विचारले, "इतक्या लांबून माझा चेहरा तुम्हाला काय दिसणार? जवळ का येत नाही?"

"भिंगाला येवढं अंतर लागतंच, गुरुजी," ते म्हणाले.

मी त्यावर विश्वास ठेवला. खरे लिहायचे तर विश्वास ठेवणे मला सोयीचे होते. माझे स्नान झालेले असे, सोवळे असे. मी पुन्हा विचारले नाही.

तिसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीस, माघात, ती गोष्ट घडली. त्या दिवशी सूर्य माझ्या पाठीशी होता, म्हणजे त्यांच्या मते सर्वांत कठीण दिवस. मी धोतर पिळून खडकावर पसरण्यासाठी दोन्ही हातांनी समोर झटकले. ते दुरून हळूच म्हणाले, "हलू नका."

मी धोतर तसेच धरून उभा राहिलो.

"तुमचं तोंड उजळलं," ते म्हणाले. "धोतरावरनं ऊन उलटं आलंय तुमच्यावर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी साठ गुण सांगितले. त्यांच्या तोंडून तो आकडा मी प्रथमच ऐकला. त्यानंतर त्यांनी घरची चादर आणून पाहिली, पण क्षारांच्या पाण्याने ती मळकटली होती. "उजेड पिऊन घेती, परत देत न्हाई," ते म्हणाले. नवी चादर का आणत नाही, असे मी विचारले नाही. दुष्काळाचे दिवस होते.

पुढच्या दसऱ्यानंतर एका सकाळी ते नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. शेजारचा तो तरुण पुन्हा तोडीला निघाला होता. या वेळी मागे राहणार होता त्याचा बाप. पाय गेलेले, दाराबाहेर फार सरकता येत नव्हते. तेच मावळतीचे दार आणि तीच वेळ.

"उद्या याल का?" त्यांनी विचारले. "धोतर घेऊन. तुमीच धरा. मी शिवणार न्हाई."

 त्या गावात माझे सारे आयुष्य गेले होते, पण ओढा ओलांडून मी कधी त्या वस्तीत पाऊल ठेवले नव्हते. ते वाट पाहत उभे होते. उत्तर देण्यास मला जेवढा वेळ लागला, तो मला आजही मोजता येतो. शेवटी मी म्हणालो, "येईन."

सकाळी वस्तीत ट्रक उभा होता. त्यात भांडी, सरपण, कोयते, लेकरे आणि दोन शेळ्या चढवल्या होत्या. म्हातारा दारात घोंगडीवर बसला होता. सूर्य अजून घरामागेच होता, अंगणात घराची छाया होती. मी धोतर उलगडून वर धरले, पण वाऱ्याने दुसरे टोक फडफडू लागले. तरुण शेजारीच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि हात मागे घेतले.

"धरा," मी म्हणालो.

त्याने दोन्ही हात पायजम्याला पुसले आणि टोक धरले.

ट्रकच्या केबिनमधून मुकादम ओरडला, "काय बे, आंतरपाट धरलाय का? मंगलाष्टकं होऊ द्या मग, गुरुजी हायतच. पण नवरी कुठंय?"

म्हाताऱ्याने मान वर केली. "नवरी आत हाय," तो म्हणाला. "भितीवर."

 मुकादमाने भोंग्यावरचा हात काढला.

आणि मग मी पाहिले. यांनी तळहात वर करून उजेड पाहिला, म्हणाले, "थांबा, कच्चा हाय," आणि म्हाताऱ्यासमोर गुडघे टेकले. आणखी पुढे सरकले. म्हाताऱ्याच्या तोंडापासून दोन हातांवर येऊन थांबले. कॅमेरा तोच होता. भिंगही तेच होते.

माझे वर धरलेले हात भरून आले होते, पण मला धोतराचे भान उरले नव्हते. इतक्या साऱ्या सकाळी वाळूवरून येणारी ती सावली, ती लगबग, तो "चुकलंच माझं" असा शब्द, सारे एकदम मला दिसू लागले. सावली फोटोत येऊ नये म्हणून ते बाजूला सरत असतीलही. पण ती माझ्यावर पडू नये म्हणूनही ते सरत होते, आणि हे त्या पात्रात एकट्या मलाच समजले नव्हते.

सूर्य पत्र्यावरून वर आला. धोतर एकदम पेटल्यासारखे पांढरे झाले आणि म्हाताऱ्याच्या सुरकुत्यांत उजेड उतरला. तळहात पुन्हा वर झाला. "पिकला," ते पुटपुटले. कळ दाबल्याचा आवाज झाला. ट्रक निघून गेला. धोतराच्या एका टोकावर तरुणाच्या बोटांचे ठसे होते. घरी येऊन मी ते धोतर तसेच नेसलो आणि पूजेला बसलो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी माणसे परत आली. म्हाताऱ्याचा फोटो चौकटीत घालून म्हातारीच्या शेजारी लावला होता. दाढीचे खुंट मोजता येतील असा तो स्वच्छ फोटो होता. यांनी मला पाहायला नेले. म्हातारा घोंगडीवरून तक्रार करीत होता, "मी जित्ता हाय अजून. मला कावून टांगलं?" मग दोन्ही चौकटींकडे पाहत तो म्हणाला, "आता तिला माझं त्वांड दिसतंय. मला तिचं न्हाई."

त्यात दोष देण्याचा सूर नव्हता. परत येताना ओढा लागला. मी विचारले, "किती गुण?"

"पास झालो, गुरुजी," ते म्हणाले. "पण पेपर दुसरा हुता."

त्यानंतरही ते दोन हिवाळे पात्रात येत राहिले आणि आठ-दहा हातांवर उभे राहत राहिले. मला त्या अंतराविषयी बोलायचे होते. इतकी वर्षे शब्दांवर पोट भरलेल्या माणसाला दोन शब्द जुळवता येत नव्हते. मग सोसायटी बंद पडली. ओळखपत्रे बंद झाली, स्टुडिओही बंद झाला. केजला एका फोटोवाल्याकडे त्यांना काम मिळाले. निघण्याच्या आदल्या सकाळी ते कॅमेरा घेऊन आले आणि नेहमीच्या जागी थांबले.

"जवळ या," मी म्हणालो.

"भिंगाला—"

"भिंगाला किती अंतर लागते, ते मी पाहिले आहे."

त्यांनी वाळूकडे पाहिले. मग आले. माझ्या आसनापासून दोन हातांवर थांबले. सूर्य त्यांच्या पाठीशी होता. त्यांची सावली माझ्या मांडीवर, छातीवर चढली, आणि सवयीने ते बाजूला सरू लागले.

"राहू द्या."

"फोटू नापास व्हईल, गुरुजी."

"होऊ द्या."

त्यांनी तळहात वर केला नाही. मान खाली घातली आणि कळ दाबली.

तो फोटो आठवड्याने केजहून टपालाने आला. मागे गुण लिहिलेले नव्हते. काही वर्षांनी ते तिकडेच वारल्याचे वस्तीतल्या त्या तरुणाने मला येऊन सांगितले. त्यांच्या घरी त्यांचा स्वतःचा असा फोटो सापडला नाही. माझ्याजवळ आहे तेवढाच. त्यात माझ्या पांढऱ्या उपरण्यावर माकडटोपीतले एक मस्तक नमून आहे, दोन्ही कोपरे बाहेर आलेले आहेत आणि छातीशी काहीतरी जपून धरलेले आहे. माझा चेहरा त्या सावलीत निम्मा बुडाला आहे. तो फोटो मी देवघरात ठेवला आहे.

आता मला नदीपर्यंत चालवत नाही. संध्या अंगणातच करतो. अर्घ्य दिल्यावर ओला तळहात उगवतीकडे धरतो आणि मनगट सावकाश फिरवतो. पेरांवर ऊन येते, छाया उतरते. उजेड कच्चा आहे की पिकला, ते मला अजून कळत नाही.