विमानासाठी केलेली विनवणी

आमचे शेजारी पंप विकण्यासाठी सतत परगावी जातात. ते मोबाइलचे गुलाम आहेत, असे इथे तमिळ मुलखात, वेलचेरीतल्या आमच्या इमारतीत सर्रास बोलले जाते. साफ खोटे! टॅक्सीचे असो वा तिकिटाचे, प्रत्येक अ‍ॅप उघडताना ते आर्जवाने म्हणतात, "चला राव, आता तुमची पाळी."

परवा रस्त्यात पाणी साचले. टॅक्सीच मिळेना, आणि त्यांचे पुण्याचे विमान सुटण्याच्या बेतात होते. मलाही त्याच बाजूला जायचे असल्याने आम्ही दोघे फुलवाल्या बायकांनी भरलेल्या शेअर ऑटोत शिरलो. पण तो जागोजागी थांबणार होता. मी तमिळमध्ये बोलणार, तोच त्यांनी मला अडवले. "काका, माझी अडचण मीच सांगतो." मग भाषांतराचे अ‍ॅप बातम्यांच्या थाटात, ग्रांथिक तमिळमध्ये उद्गारले, "मान्यवर भगिनींनो, माझ्या विमानावर कृपा करावी."

फुलवाल्या बायकांना हसू आवरेना. "अय्यो! आम्ही मागाहून उतरू. ड्रायव्हर अण्णा, थेट विमानतळावर घ्या!"

मी रदबदली केली, असे आता लोक सांगतात. मी चकार शब्द काढला नव्हता.

विमानतळ आला. "पोयिट्टु वांगा," म्हणजे जाऊन या, असे साऱ्याजणी ओरडल्या. शेजाऱ्यांनी फोन खिशात टाकला आणि धावता धावता, अ‍ॅपला न विचारता, 'जाऊन येतो' असे खणखणीत तमिळमध्ये उत्तर दिले, "पोयिट्टु वरेन!"