शेवटच्या नंबराचं वाचन

डिसेंबर लागला की मी सुट्टीचे दिवस मोजायला लागते. मुलंही मोजतात, पण ती उघड मोजतात. मी शिक्षिका, त्यामुळे मला ते मनातल्या मनात करावं लागतं. नाताळच्या सुट्टीआधीच्या पंधरा दिवसांत शाळेला एकदम सगळं आठवतं. क्रीडा दिन, स्नेहसंमेलनाचा नाच, कागदकाम, सुट्टीचा अभ्यास, पालकांना सूचना, मोबाइलवर भरायचे फॉर्म. जूनपासून आम्ही नुसत्या झोपाच काढत होतो की काय, असं वाटावं इतकी घाई.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली. माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता, पटावर सत्तेचाळीस मुलं. पनवेलची थंडी सकाळी शाळा भरेपर्यंत असते, मधल्या सुट्टीपर्यंत संपते. मग सगळे स्वेटर निघतात आणि त्यातले निम्मे बाकाखाली हरवतात. बाहेर रस्ता खणून ठेवलेला, धूळ थेट फळ्यापर्यंत. अर्धा वर्ग खोकत होता, उरलेला नाक ओढत होता. माझा घसा बसला होता आणि पायांना सूज होती. घरी गेल्यावर मी कुणाशी बोलत नसे. नवरा म्हणायचा, "आज मौनव्रत का?" त्याला उत्तर द्यायचंसुद्धा त्राण नसायचं.

या सगळ्यात वाचन तपासणी असते. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, प्रत्येक इयत्तेला पुस्तकातला एक उतारा देतात. एकेका मुलानं माझ्या टेबलापाशी येऊन तो मोठ्यानं वाचायचा आणि मी त्याच्या नावापुढे खूण करायची. वाचतो, अडखळतो, किंवा वाचत नाही. 'वाचत नाही'वाल्यांना जानेवारीपासून शाळा सुटल्यावर अर्धा तास जादा वाचन. ज्या वर्गात असं एकही मूल नसेल, त्याच्या दारावर 'वाचणारा वर्ग' अशी पाटी लागते. निळी, लाकडी, कडा झिजलेली पाटी. मी वरवर म्हणते की मला तिचं काही नाही, पण दोन वर्षं ती शेजारच्या वर्गाच्या दारावर होती आणि ते माझ्या डोळ्यांत चांगलंच खुपत होतं.

मी सगळं हजेरी क्रमांकानं करते. आधी मुलगे, मग मुली, आणि उशिरा दाखला झालेलं मूल सगळ्यांच्या शेवटी. सव्वीस वर्षं हेच. वह्या तपासणं, रांग, खाऊ, वजन-उंची, सगळं क्रमांकानं. डोकं चालवावं लागत नाही, दमलेल्या माणसाला तेवढंच बरं.

सत्तेचाळिसावा क्रमांक एका मुलीचा होता. ती जुलैच्या मध्यावर आली. वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रेलरवर ड्रायव्हर, आई आमच्या शाळेजवळच्या एका खानावळीत भाकऱ्या भाजायला यायची आणि येता-जाता मुलीला सोडायची, न्यायची. पोरगी शांत. फळ्यावरचं हुबेहूब उतरवून घ्यायची, अक्षर वर्गात सगळ्यात देखणं. घरचा अभ्यास मात्र कधी केलेला नसायचा. माझा स्वभाव तिखट आहे आणि माझे डायरीतले शेरेही तसेच असतात. ऑगस्टमध्ये मी तिच्या डायरीत लाल पेनानं लिहिलं, "मुलगी अभ्यासात लक्ष देत नाही. घरी कोणी बघत नाही असे दिसते." दुसऱ्या दिवशी खाली आईची सही होती, वाकडीतिकडी, एकेक अक्षर वेगळं काढलेली. पुढच्या दोन महिन्यांत असे आणखी दोन शेरे झाले. प्रत्येक वेळी सही आली, अभ्यास काही आला नाही.

त्या वर्षीचा उतारा भोपळ्याच्या वेलाचा होता. मामानं परसात वेल लावला, वेल कुंपणावर चढला, कुंपणावरून शेजाऱ्याच्या छपरावर गेला, वगैरे. दोन दिवस मी तो वेल ऐकत होते. पहिल्या दिवशी मुलगे झाले, दुसऱ्या दिवशी मुली. शेवटी शेवटी वेल माझ्याच गळ्याभोवती चढतोय असं वाटायला लागलं होतं. सेहेचाळिसाव्या क्रमांकाच्या मुलीला सर्दी होती, ती 'कुंपणावर' म्हटल्यावर थांबली, नाक ओढलं आणि पुढे गेली. तिच्या मागून सत्तेचाळिसावी आली. पुस्तक दोन्ही हातांत धरून तिनं घडाघडा उतारा म्हटला, 'कुंपणावर'पाशी थांबली आणि तिनंही नाक ओढलं. मी मनात म्हटलं, हिलाही सर्दी झाली वाटतं. आणि खूण केली, वाचते.

आमच्या वर्गात एकही 'वाचत नाही' निघालं नाही. पाटी आमच्या दारावर लागली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मी फोटो काढला आणि शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

सुट्टीच्या आदल्या दिवशी शाळा नावालाच असते. पुस्तकं कुणी आणत नाही, मुलांच्या अंगात वारं शिरलेलं असतं. मला अजून फॉर्म भरायचे होते, म्हणून मी चिठ्ठ्यांचा खेळ काढला. माझ्या कपाटात बिस्किटांचा एक जुना डबा आहे, त्यात चिठ्ठ्या आहेत. एकेकानं पुढे येऊन चिठ्ठी उचलायची, मनात वाचायची आणि लिहिलंय ते करून दाखवायचं. बाकीच्यांनी ओळखायचं काय लिहिलं होतं. पहिल्या क्रमांकाचा मुलगा उठलासुद्धा. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, आज उलटं! शेवटून!" एरवी मी खेकसले असते. पण सुट्टी दारात होती. म्हटलं, चला, शेवटून.

सत्तेचाळिसावी उठली. डब्यात हात घातला, चिठ्ठी उघडली, तिच्याकडे बघितलं आणि परत घडी घातली. मग खाली बसून तिनं मांजरासारखं अंग ताणलं, पंजा चाटला आणि सुरेख म्यांव केलं. वर्ग खूश. मीही फॉर्ममधून डोकं वर काढून टाळ्या वाजवल्या. मग आमच्या मॉनिटर मुलीनं नियमाप्रमाणे तिच्या हातातून चिठ्ठी घेतली आणि मोठ्यानं वाचली. "बाई, यात तर 'खिडकी बंद कर' असं लिहिलंय!"

वर्ग हसला. ती हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. मला त्या क्षणी खरं तर कळलं होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. मी म्हटलं, "असू दे, घाईत पाहिलं असेल. चला, पुढची."

मधल्या सुट्टीत मी तिला थांबवून घेतलं. मॉनिटरचं एक पुस्तक तेवढं दप्तरात होतं, ते घेतलं आणि भलतंच पान उघडलं. "वाच," म्हटलं. तिनं बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि सुरू केलं, "मामाने परसात भोपळ्याचा वेल लावला. वेल कुंपणावर..." इथे थांबली, नाक ओढलं आणि पुढे म्हणू लागली. तिचं नाक कोरडं होतं. सेहेचाळीस मुलांचं वाचन ऐकून तिनं तो उतारा पाठ केला होता, शेजारणीच्या सर्दीसकट. आणि ऐकायला तिला दोन दिवस दिले होते मी, माझ्या लाडक्या क्रमांकानं.

"थांब," मी म्हटलं. "हे कुठलं अक्षर?" मी 'म'वर बोट ठेवलं. ते तिला आलं. 'मा' तिला येईना. मी रागावेन म्हणून तिनं खांदे आत ओढून घेतले. मला राग आलाच होता, पण तिचा नव्हे. एक दिवस, फक्त एक दिवस मी शेवटून सुरुवात केली असती तर जुलैतच समजलं असतं. लाज वाटली. आणि लाजेच्या पाठोपाठ, हेही सांगून टाकते, दुसरा विचार आला की आता पाटी जाणार.

तिची खूण तशीच राहिली तर जानेवारीत तिला जादा तास मिळणार नव्हता. जूनमध्ये चौथी, दुसऱ्या बाई, मोठी पुस्तकं. तिथे ती ऐकून किती पाठ करणार होती? मी मोठ्या बाईंकडे गेले. त्या सूचनांच्या कागदांवर शिक्के मारत होत्या आणि माझ्याहून दमलेल्या दिसत होत्या.

"अहो, यादी सकाळीच गेली वर," त्या म्हणाल्या. "एका मुलीसाठी परत कुठे उघडायची? तुम्ही वर्गातच घ्या तिचं काय ते."

"वर्गात होत नाही, बाई. सत्तेचाळीस आहेत. वर्गात झालं असतं तर आत्तापर्यंत झालं असतं."

"मग पाटी काढावी लागेल. मुलांना काय सांगणार?"

"माझी मोजणी चुकली म्हणून सांगते."

त्यांनी शिक्का खाली ठेवला, मोबाइल घेतला आणि यादी दुरुस्त केली. पाटी मी स्वतः उतरवली. मुलांनी विचारलं, मी सांगितलं की माझीच चूक झाली. त्यांना पाटीपेक्षा सुट्टीचं पडलं होतं, कुणी फार मनावर घेतलं नाही. मलाच त्या रिकाम्या खिळ्याकडे बघवेना.

शाळा सुटली तेव्हा फाटकापाशी तिची आई उभी होती, हाताला पीठ लागलेलं. मी तिला बाजूला बोलावलं. आता हिला सगळं सांगायचं, मुलीला वाचता येत नाही, पाच महिने मला पत्ता नव्हता, असं मनात जुळवत होते. त्याआधी तीच बोलली.

"बाई, तुमचे लय उपकार हायेत. आमी काय शिकलेलो नाय, मना निसती सही येते. पन तुमी डायरीत माज्या पोरीचं येवरं चांगलं लिवता, ती वाचून दाखवते ना मना. पोर गुनाची हाय, अक्षर चांगलं हाय, आईनं काय काळजी करायची नाय. बापाला पन सांगते मी फोनवर."

मुलगी आईच्या पदराआड उभी होती. वर बघत नव्हती. मी सव्वीस वर्षांत कुणाच्या डायरीत असं वाक्य लिहिलेलं नव्हतं. त्या बाईच्या सह्या आठवल्या, एकेक अक्षर वेगळं काढलेल्या, माझ्या लाल शेऱ्यांखाली. कौतुक समजून केलेल्या.

"वाचनात अजून थोडी कच्ची आहे," एवढंच मी म्हटलं. "सुट्टीनंतर रोज अर्धा तास माझ्याकडे थांबू दे."

"थांबू दे की. मी तवर भांडी उरकते."

त्या दोघी रिक्षा स्टँडकडे गेल्या. ज्या सुट्टीसाठी मी जीव टाकत होते ती माझ्या मुळीच अंगी लागली नाही. नवऱ्यानं कर्नाळ्याला पक्षी बघायला नेलं, मी दुर्बीण न लावता नुसती बसून राहिले.

जानेवारीपासून ती शाळा सुटल्यावर थांबू लागली. मी काही फार प्रेमानं शिकवलं नाही. दिवसभराची दमलेली असायचे, दोनदा ओरडले, एकदा तिच्यासमोरच टेबलावर डोकं टेकून झोपले. जागी झाले तेव्हा ती दगडी पाटीवर 'मा' गिरवत बसली होती. काना, वेलांटी, उकार असं करत फेब्रुवारी गेला. जोडाक्षरांना मार्च उजाडला.

एका दुपारी माझ्या हाताशी पुस्तक नव्हतं. मी म्हटलं, "दप्तरात काय आहे ते काढ आणि वाच." तिनं डायरी काढली. मधलंच पान उघडलं. माझ्या लक्षात येईपर्यंत तिचं बोट लाल अक्षरांवर होतं.

"मु-ल-गी अ-भ्या-सा-त ल-क्ष दे-त ना-ही." जोडाक्षरं न चुकता आली. मी थांबवायला हवं होतं. हात पुढे केलासुद्धा, पण तीन महिन्यांत ती पहिल्यांदा स्वतःहून पुढच्या ओळीवर गेली होती. "घ-री को-णी ब-घ-त ना-ही अ-से दि-स-ते." मग तिनं ते परत एकदा वाचलं, सलग, न तोडता.

"बाई, हे तुमी लिवलंय?"

"हो," मी म्हटलं. "चुकलं माझं."

तिनं थोडा वेळ खालच्या सहीवरून बोट फिरवलं. मग डायरी मिटली, दप्तरात तळाशी घातली आणि वरून डबा ठेवला.

"आईला नाय सांगायचं हां," ती म्हणाली. "तिला मी वाचते तसंच आवडतं."