बन्सीच्या गल्लीतला प्रचार

माझ्या उजव्या कोपराला डोळे नाहीत, हे गारखेड्याच्या भर चौकात सिद्ध झालं. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून मी दिसेल त्या ओळखीच्या वाहनात चढतो. तसाच त्या सकाळी बन्सीच्या प्रचाराच्या रिक्षात चढलो आणि ऐसपैस टेकलो. कोपर टेकलं ते नेमकं त्याच्या मशीनच्या बटणावर. मग मी अगदी मायेनं, त्याच्यापुरत्या आवाजात म्हणालो, "अरे बन्सी, ज्यांच्या गोदामात तुझा जावई जळून मेला, त्यांच्याच पोरासाठी मतं मागत फिरतोस? जीभ तरी कशी रेटते रे तुझी?"

छपरावरच्या दोन्ही भोंग्यांनी ते अख्ख्या चौकाला विचारलं. पेरूवाल्याचा तराजू हवेतच राहिला. गच्चीवर गोधडी झटकणारी बाई गोधडी धरून तशीच उभी राहिली. आयुष्यभर शाळेत शिकवलं, पण इतक्या शांतपणे माझं कुणी ऐकलं नव्हतं. बन्सीनं माझं कोपर उचलून बाजूला ठेवलं, बटण दाबलं आणि म्हणाला, "बंद केलंय सर. आता बोला काय बोलायचं ते."

मी कोपर मांडीवर घेऊन बसलो.

बन्सी मूळचा करमाडचा. अंगानं इतका बारीक, की सदऱ्यात माणूस आहे की सदरा नुसताच वाळत घातलाय, असा प्रश्न पडावा. आवाज मात्र निजामाच्या वेळच्या नगाऱ्याचा. साड्यांचा सेल, डोळ्यांचं शिबिर, हरवलेलं पोर, सगळं शहराला कळायचं ते बन्सीच्या तोंडून. गालात लवंग, माईकवर रुमाल आणि प्रत्येक शब्द सुटा, धुऊन वाळत घातल्यासारखा. घरी आला की गप्प. त्याची बायको कडूबाई म्हणायची, "सगळा आवाज गावाला वाटून येत्यात. घरी निस्त्या खाणाखुणा."

निवडणूक आली की सगळे पक्ष त्याच्या दारात. एकाची सुपारी घेतली की मतदान होईस्तोवर दुसऱ्यासाठी तोंड उघडायचं नाही, हा त्याचा कायदा. दुसरा कायदा त्याहून जुना. ज्या घरात मयत झालीय त्या घरापुढं भोंगा बंद. नव्या गल्लीत शिरण्याआधी तो तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात विचारायचा, "इथं कुणी गेलं का एवढ्यात?" व्हय म्हटलं, की रिक्षा मुक्यानं आत जायची आणि बन्सी त्या दाराला हात जोडून पुढं सरकायचा. उमेदवार कुरकुरायचे. बन्सी म्हणायचा, "मतं पुढच्या गल्लीत मिळतील. हितं नगं."

मग एका उन्हाळ्यात त्याच्याच घरात मयत झाली. करमाडच्या पुढं एका गोदामाला आग लागली, दार बाहेरून बंद होतं. आत राहिलेल्या मजुरांत आकाश होता, बन्सीच्या पोरीचा, विशाखाचा नवरा. गोदाम आणि मजूर पुरवणारी कंपनी आमदार तात्यासाहेबांच्या कुणा मेव्हण्याच्या नावावर होती, पण पहारेकऱ्यानं घाबरून फोन लावला तो थेट आमदारांना. त्या फोनवरचा तात्यासाहेबांचा आवाज आठवड्याभरात घराघरांतल्या मोबाइलवर पोचला. "आधी माल काढा, माणसं बघू मागून." बन्सीच्या आवाजालाही असा खप कधी मिळाला नव्हता. तात्यासाहेबांनी नैतिक जबाबदारी घेऊन आमदारकीचा राजीनामा दिला आणि पोटनिवडणूक लागल्याबरोबर ती जबाबदारी पोराच्या, शिवराजच्या, खांद्यावर ठेवली. बॅनरवर बापाचा फोटो तेवढा लहान केला. लाज म्हणतात ती एवढी होती, वीतभर.

शिवराजचा माणूस गोकुळ बन्सीकडं आला तेव्हा विशाखा भिंतीआड भाकरी थापत होती. गोकुळनं सरळ सांगितलं, आवाज आम्हाला द्या, मतदान झालं की पोरीला आमच्या शाळेत शिपाई म्हणून घेतो. विशाखाच्या पदरात लहानगी मेघा. फॉल-पिको करून दोघींचं भागत नव्हतं. गोकुळ गेला. मग विशाखाच भाकरी तव्यावर टाकत बोलली, "करा बाबा. सगळ्या शहरात करा. फक्त आपल्या गल्लीत नगं. त्यांचं नाव तुमच्या तोंडून मला ऐकायचं नाय."

"नाय येणार," बन्सी म्हणाला. "आपलं मयताचं घर हाय."

तेवढ्यावर तो महिनाभर ताठ मानेनं फिरला. शहर शिवराजला, गल्ली आकाशला, अशी वाटणी त्यानं मनाशी केली होती. ती माझ्या कोपरानं मोडली.

त्याच संध्याकाळी गोकुळनं बन्सीला चहाच्या टपरीवर गाठलं. मोबाइलवर चौकातला व्हिडिओ होता.

"बन्सीमामा, हे कोण म्हातारं?"

"सर हायेत. लई भला माणूस."

"भलेपणा ऐकला सगळ्या चौकानं. आता निस्तरायचं तुमाला. उद्या सकाळी तुमच्या गल्लीत रिक्षा न्यायची. दारापुढं थांबायचं आन सांगायचं, मी आकाशचा सासरा, माझ्या मनात राग नाय, शिवराजदादाला मत द्या. आमचा पोरगा शूटिंग काढील."

"गोकुळभाऊ, दुसरीकडं कुठंबी बोलतो. बसस्टँडवर बोलतो. म्हणाल तर शेंद्र्यात कामगारांपुढं बोलतो."

"मयताचं घर दुसरीकडं नाय ना, मामा."

बन्सीनं लवंग या गालातून त्या गालात नेली. "आन नाय बोललो तर?"

गोकुळनं बशीतला चहा फुंकला. "शाळेत जागा एकच हाय."

आता हे विशाखाला सांगायला हवं होतं. ज्यानं अख्ख्या शहराला सांगायचं ते सांगितलं, त्याला स्वतःच्या घरातल्या एका पोरीला एक वाक्य सांगता येईना. जेवताना तो दोनदा खाकरला. कडूबाईला वाटलं, घसा धरलाय. तिनं हळद घालून दूध दिलं. ते पिऊन तो भिंतीकडं तोंड करून झोपला.

सकाळी गल्लीच्या तोंडाशी रिक्षावाल्या फकिरानं सवयीनं विचारलं, "मामा, बंद ना?"

"चालू ठेव."

त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. अख्खी गल्ली हंडे-बादल्या घेऊन बाहेर, विशाखाही. रिक्षा दारापुढं थांबली. बन्सीनं माईकवरचा रुमाल नीट केला. आवाज फाटेल, अडखळेल, निदान खोकला तरी येईल असं त्याला वाटत होतं. त्यानं तशी इच्छाही केली असेल. पण इतक्या वर्षांचा सराव. तो काही केल्या चुकेना. "बंधू-भगिनींनो, जयभीम. मी बन्सी, आकाशचा सासरा..." प्रत्येक शब्द सुटा, स्वच्छ, गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत. राग नाही, हेही त्यानं तितक्याच स्वच्छपणे सांगितलं.

विशाखानं त्याच्याकडं पाहिलं नाही. अर्धा भरलेला हंडा उचलून ती आत गेली आणि दार लावून घेतलं. नळ तसाच वाहत राहिला. आमच्या गावात वाहतं पाणी सोडून कुणी जात नाही. थोड्या वेळानं शेजारच्या बाईनं येऊन तोटी फिरवली.

शिवराज निवडून आला. मतदानाला माणसं कमीच बाहेर पडली, पण गुलाल कमी पडला नाही. बन्सीचा व्हिडिओ फार चालला म्हणे. गोकुळ शब्दाला पक्का निघाला, आणि मला ते लागलं. तो फसवून मोकळा झाला असता, तर बन्सीला निदान शिव्या घालता आल्या असत्या. विशाखाला नेमणूक मिळाली. रोज सकाळी ती शाळेचं फाटक उघडते, तात्यासाहेबांच्या तसबिरीवरची धूळ पुसते आणि घंटा देते.

परवा बन्सी भेटला. गाद्यांच्या सेलची जाहिरात होती, रिक्षाच्या टपावर भोंगे बांधत होता. मी बाहेरच उभा राहिलो, दोन्ही हात खिशात. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मला राहवेना. विचारलं, "बन्सी, विशाखा बोलते का रे तुझ्याशी?"

त्यानं दोरीची गाठ दातांनी ओढून घट्ट केली.

"कामाला जाती."