अंकलचा रॉड आणि बाबांची मुडदुशी

मी गिरगावात एका जुन्या बिल्डिंगमध्ये लिफ्टमन आहे. शाळा चौथीपर्यंत, ती पण दोनदा. आयुष्यात वर गेलो तो लिफ्टमधूनच, तिसऱ्या माळ्यापर्यंत, आणि लगेच खाली पण आलो. दुपारी दोनला ड्युटी लागते, म्हणून सकाळ माझी मोकळी. बिल्डिंगमधली माणसं मला जोकर समजतात आणि त्यात त्यांची काय चूक नाही. पण त्या आठवड्यात माझ्याकडे एक जोक शिल्लक नव्हता.

बाबांनी जेवण सोडलं होतं. गळ्याचा आजार, महिनाभर लाईटचे शेक दिले, शेक संपले तर तोंडाची चवच गेली. मिलमध्ये सांचावर, म्हणजे मागावर, चाळीस वर्षं उभा राहिलेला माणूस, तो काळाचौकीच्या आमच्या खोलीत कॉटवर असा पडलेला, की चादर सरळ केली तर वाटायचं खाली कोण नाहीच. सोमवारी परळच्या डॉक्टरने वजन केलं आणि बोलला, "पुढच्या सोमवारी आणा. तोपर्यंत तोंडाने खायला लागले तर ठीक. नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल."

बाजूच्या बाकड्यावर एक नळीवाला पेशंट बसला होता. बाबा त्याच्याकडे बघत होते. घरी आल्यावर मला बोलले, "ती नळी माका नको. घातलात तर मी ओढून काढतलंय." ते बोलले म्हणजे करणार. मिलच्या संपात पण ते शेवटपर्यंत आत गेले नव्हते.

त्या दिवशी मी सुट्टी टाकलेली. संध्याकाळी बायकोने विचारलं, "मामंजी, काय खावंसं वाटतंय ते तरी सांगा."

बाबा बोलले, "मुडदुशी."

मुडदुशी म्हणजे बोटासारखा लांबट, पांढरा, हलका मासा. आमच्याकडे आजाऱ्याला, बाळंतिणीला हाच देतात, पोटाला जड नाही म्हणून. बायको धावत लालबागच्या मार्केटात गेली. कोळणीने शपथ घेतली की आत्ताच आलीय. बाबांनी ताटावर नाक नेलं आणि ताट सारलं. "बर्फातली," बोलले. बायको परत दादरला गेली. ती पण बर्फातली. मी चिडून बोललो, "बाबा, मुंबईत पाण्यातून उडी मारून ताटात येणारी कुठून आणू?" त्यांनी डोळे मिटले. त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मंगळवारी तिसऱ्या माळ्यावरचे अंकल एक लांब खोका घेऊन लिफ्टमध्ये शिरले. रिटायर माणूस, दर रविवारी चर्च आणि चर्चनंतर मासेमारी. पण दोन महिने खांदा धरलेला, हात कानापर्यंत जात नव्हता.

"तुला फिशिंग येते काय रे?"

"अंकल, मी मालवणचा."

मालवणच्या माणसाला हा प्रश्न विचारला की तो असंच बोलतो, मग त्याने मासा फक्त ताटात बघितलेला का असेना. मी लहानपणी खाडीवर दोरा बोटाला गुंडाळून गरवायचो, एवढीच माझी डिग्री.

अंकलनी लिफ्टमध्येच खोका उघडला. "ऑनलाईन मागवला. लाईट रॉड आहे, छोट्या मासळीसाठी. मंडेपर्यंत रिटर्न करता येते. माझा खांदा जाम, तर तू टेस्ट कर. सगळ्या पाण्यात टाकून बघ, विहीर, चिखल, रॉक, रेती. संडेला मला सांग, ठेवू काय पाठवू."

"छोटी मासळी म्हणजे मुडदुशी लागते याला?"

"लेडीफिश? ऑफ कोर्स. तिच्यासाठीच तर."

मी रॉड हातात घेतला. वजनच नाही. बाबांना सकाळी संडासला नेताना त्यांचा हात धरतो, तसंच लागलं हाताला.

पहिलं पाणी बिल्डिंगच्या मागची विहीर. तिच्यात पालिकेने सोडलेले गप्पी मासे आणि एक कासव. मला तिथे काय मिळणार नव्हतं हे मला पण माहीत होतं, पण रीळ कसं चालतं ते कोणाच्या डोळ्यासमोर शिकायचं नव्हतं. रीळ मी वरच्या बाजूला धरलं आणि दांडी उलटी फिरवली. दोरी आत यायच्या ऐवजी तिचा शेवयांसारखा गुंता झाला. कासवाने डोकं वर काढून पूर्ण बघितलं आणि परत आत घातलं. अर्धा तास मी गुंता सोडवत बसलो.

बुधवारी शिवडी. भरती उतरलेली, नुसता चिखल. लोक सांगतात तिथे लांब पायांचे गुलाबी पक्षी येतात. ते चिखलात आरामात उभे राहतात, मी गुडघ्यापर्यंत गेलो. गरीला कोलंबीचा तुकडा लावला, हात मागे नेला आणि जोरात फेकला. गरी पाण्यात गेली नाही, कारण ती माझ्या टोपीत होती. टोपी पाण्यात गेली. दुसऱ्या वेळी रिळावरचं तारेचं कडं उघडायचं विसरलो, तर दोरी सुटलीच नाही, गरी परत येऊन पॅण्टला लागली. अंकलच्या रॉडने त्या दिवशी दोन गोष्टी पकडल्या आणि दोन्ही माझ्याच.

घरी आलो तेव्हा बाबा जागे होते. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग मागे दाराकडे, की मी काही बाहेर ठेवून आलोय का.

गुरुवारी गिरगाव चौपाटीच्या पुढे, समुद्राला बांधलेले सिमेंटचे ते चार पायांचे दगड आहेत तिथे. दगडांत तीन गऱ्या गमावल्या. चौथ्या गरीला ओढ लागली. खरी. दोरी थरथरली, आणि तेवढ्यात माझ्यातला गाववाला जागा झाला. बोटावरच्या दोऱ्याला मासा लागला की आम्ही कोपरापासून झटका देतो, ते हाताला सवयीचं. दिला झटका. काठी वाकून सुटली, गरी माझ्या डोक्यावरून मागे रस्त्यावर गेली. धावत जाऊन बघितलं. गरीला माशाचा ओठ होता, तेवढाच. मासा तिथेच खाली पाण्यात राहिला, बिनओठाचा.

मी दगडावर बसलो. समोर पाणी चमकत होतं, मागे गाड्या. मला वाटलं, बाबांचं जेवण माझ्या हातात आलं होतं आणि मी ते फाडून टाकलं. एवढा मोठा माणूस मी, दगडावर बसून रडलो. एक बाई कुत्रा फिरवत होती, ती कुत्र्याला घेऊन पलीकडच्या फुटपाथला गेली.

शुक्रवारी अंकल लिफ्टमध्ये आले. "दाखव, कसा पकडतोस."

मी दाखवला. त्यांनी डोळे मिटले. "अरे बाबा, रीळ खाली लटकते. तू चार दिवस उलटा धरून फिरतोस?"

"चार नाय अंकल, तीन."

त्यांनी पहिल्या-दुसऱ्या माळ्याच्या मध्ये लिफ्ट थांबवायला लावली. तिथे उभं राहून मला शिकवलं. रिळाच्या पुढची चकती मी घट्ट आवळलेली, ती त्यांनी सैल केली. "मासा ओढला की हे थोडं सुटलं पाहिजे, टर्रर करून. झटका नाय द्यायचा. तू मासा पकडतोस का विहिरीतून बादली काढतोस? रॉडला वाकू दे. रॉडचा काम रॉडला करू दे." वरून दुसऱ्या माळ्याच्या मॅडम बेल वाजवत होत्या. अंकल ओरडले, "वेट, मॅडम, टेक्निकल आहे." आणि माझ्याकडे वळून हळू बोलले, "एवढा मनाला का लावून घेतोस? रॉडच तर आहे."

मी त्यांना बाबांचं सांगितलं. लिफ्ट तिसऱ्यावर आली तरी ते उतरले नाहीत, परत माझ्याबरोबर खाली आले.

शनिवारी दादरच्या रेतीवर पाच तास. नुसता वारा. दुपारी ड्युटीवरून बायकोला फोन केला. ती बोलली, "अहो, आधी ताट सारायचे, रागवायचे. आज रागावले पण नाहीत. नुसते बघत बसले. दोन चमचे पाणी गेलं." फोन तसाच चालू राहिला.

रविवारी पहाट होताहोता मी परत दादरला. गटार येतं त्या टोकापासून जेवढं लांब जाता येईल तेवढा लांब गेलो. पोरंटोरं क्रिकेटला आली नव्हती अजून. भरती चढत होती. रीळ खाली, कडं उघडं, चकती सैल, सगळं मनात म्हणत फेकली. गरी पहिल्यांदा मी बघत होतो तिथे पडली.

उजाडल्यावर थोड्या वेळाने ओढ लागली. माझा कोपर झटका द्यायला निघालाच होता. मी दात ओठांत रुतवले आणि हात तिथेच धरला. टर्रर आवाज झाला. रॉडचं टोक वाकलं, उठलं, परत वाकलं. मी हळूहळू फिरवत राहिलो. लाटेबरोबर रेतीवर एक मुडदुशी आली, वीतभर, पांढरी, उन्हात काचेसारखी.

डब्यात पाणी घालून तिला ठेवली. ओरडावंसं वाटलं. आणि तेवढ्यात आठवलं.

आमच्याकडे नव्या गरीचा पहिला मासा घरी नेत नाहीत. तो दर्याचा. परत सोडायचा, हात जोडायचे, मग दुसऱ्यापासून आपले. नेला तर दर्या बदल्यात घरातलं काहीतरी घेतो. हे मला बाबांनीच शिकवलेलं, खाडीवर, मी माझा पहिला मासा सोडायला रडत होतो तेव्हा. आता घरात घेण्यासारखं काय होतं? एक कॉट, एक टीव्ही, आणि कॉटवर बाबा.

मी डबा घेऊन गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. झाकण उघडायचो, लावायचो. मग डोकं चालवलं, की दुसरी पकडू आणि त्यातली कुठलीही एक सोडू, पहिली कुठली ते दर्याला थोडीच कळणार. दर्याला कळलं असणार. साडेदहापर्यंत फेकत राहिलो, एक ओढ नाही. पाणी उतरायला लागलं. दोनला ड्युटी.

मी दर्याला हात जोडले. बोललो, माझं काय पाहिजे ते घे. मोबाईल घे, नोकरी घे, उरलेले केस घे. म्हाताऱ्याला हात लावू नको. आणि डबा घेऊन निघालो.

बायकोने तिखट न घालता, नारळाच्या दुधात हळदमीठ टाकून ती शिजवली, सोबत मऊ पेज. बाबांना उशीला टेकवून बसवलं. त्यांनी नाक पुढे नेलं.

"खंयची?"

"दादरची. आत्ता धरली."

"नवी गरी?"

"हां."

"पहिलो सोडलंस मां?"

मी जन्मभर थापा मारून लोकांना हसवलेलं. ही एक मी पेजेकडे बघत मारली. "सोडलंय, बाबा."

"केवढो होतो?"

मला गप्प बसता येत नाही हाच माझा रोग. मी कोपरापर्यंत हात दाखवला. "एवढो."

बायकोने कपाळाला हात लावला. बाबा माझ्या हाताकडे बघत राहिले. "मुडदुसो एवढो नसता रे," ते बोलले. मग ताटाकडे बघितलं, मग परत माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं होतं. नियम त्यांचाच होता. मला वाटलं, आता ताट सारणार.

त्यांनी दोन बोटांनी काट्यावरून मांस सोडवलं, पेजेत बुडवलं आणि तोंडात ठेवलं. गिळताना डोळे घट्ट मिटले, पाणी आलं. मग दुसरा घास. पाऊण तास लागला. मी ड्युटीला उशिरा पोचलो.

सोमवारी डॉक्टरने वजन केलं. वाढलं नव्हतं, पण कमी पण झालं नव्हतं. बोलला, नळी एक आठवडा थांबवू, असंच खायला घाला. अंकलनी रॉड ठेवून घेतला. मी रिपोर्ट दिला की रॉड चांगला आहे, माणूस खराब आहे. ते बोलले, "मग माणूस सुधारेपर्यंत तुझ्याकडेच राहू दे."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मी दादरला. बाबांसाठी एक, पण त्याच्या आधी दर्यासाठी एक. दोन दिवस काही नाही, बाबा नुसत्या पेजेवर. रोज रात्री बाबांना खोकला आला की मला वाटायचं, आला दर्या घ्यायला.

गुरुवारी लागली. पहिलीपेक्षा लहान. हातात धरली, पाण्यात वाकलो, बोटं सैल केली. ती माझ्या तळव्यावर तोंड उघडबंद करत होती. निघताना बाबा बोलले होते, "आज बघ गावली तर." त्यांनी स्वतःहून मागितलं होतं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मी बोटं मिटली. दर्याला बोललो, पुढची नक्की तुझी, आईशप्पथ. माझ्या शपथेवर घरात कोण विश्वास ठेवत नाही, तो काय ठेवणार. एक लाट आली, पॅण्ट भिजवून गेली. मी मुडदुशी डब्यात टाकली, झाकण दाबून लावलं आणि स्टॉपकडे धावत सुटलो. बाबा सकाळी दहानंतर झोपतात, त्याच्या आधी पोचायचं होतं.