गोळीबारात बूट काढणारा व्हिलन

आमच्या लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीवर एक मारधाडीची मालिका लागायची. नायक इन्स्पेक्टर, व्हिलन स्मगलर, आणि दर भागात एक तरी पेटलेली गाडी. हल्ली फेसबुकवर तिच्या चाहत्यांचा एक ग्रुप आहे आणि मी तिथे दिवसातून दहा वेळा डोकावते. चाळिशी उलटलेली बाई मी, समोर मासळी साफ करायची पडलीय, आणि मी वाद घालतेय की इन्स्पेक्टरच्या पिस्तुलातून एका दमात सव्वीस गोळ्या सुटल्याच कशा. मोजल्यात मी. एकच जीप सहा भागांत पेटते, दर वेळी निराळ्या गुंडाची म्हणून. तरी शीर्षकाचं संगीत वाजलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो. जीवही तिच्यावरच आणि खोड्याही तिच्याच काढायच्या, असं आमचं चाललेलं असतं.

माझे बाबा सांगायचे की या मालिकेत त्यांनी काम केलंय. आमच्या थळच्या किनाऱ्यावर शूटिंग होतं, व्हिलनला होडी काही हाकता येईना, म्हणून बाबांना त्याचा कोट, टोपी आणि बूट चढवले आणि होडी पळवायला लावली. नेमका तो भाग लागला तेव्हा गावात लाइट गेलेली. पुन्हा काही तो आमच्या नशिबी आला नाही. आई म्हणायची, "व्हय व्हय, मुंबयवाल्यांचं तुमच्यावाचून अडलं व्हतं." बाबा तेही हसण्यावारी न्यायचे आणि पुढच्या पाहुण्याला गोष्ट पहिल्यापासून सांगायचे.

गेल्या दिवाळीत माझ्याच लेकाने सगळ्यांदेखत विचारलं, "आजोबा, किती फेकता?" घर खो खो हसलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू. त्या दिवसापासून बाबांनी ती गोष्ट बंद केली. कोणी विषय काढलाच तर "जाऊ दे" म्हणून जाळं विणायला बाहेर जायचे. मला ते फार लागलं.

मग मी ग्रुपवर लिहिलं की होडीच्या पाठलागात व्हिलनच्या जागी माझे वडील आहेत. एका शहाण्याने लगेच उत्तर दिलं, "ताई, पुराव्याशिवाय पुड्या सोडू नका." माझं डोकंच फिरलं. मी त्याला जे लिहिलं ते ग्रुपवाल्यांनी तासाभरात काढून टाकलं. पण त्या भांडणाचा फायदा असा झाला की कोणीतरी माळ्यावरची जुनी कॅसेट शोधून तो अख्खा भाग टाकला, तोही ऐन शिमग्याच्या आदल्या दिवशी.

शिमग्याला होड्या किनाऱ्याला आणि माणसं घरात. जेवणं झाल्यावर मी सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं. बाबा दाराजवळ बसले, जसं काही त्यांचा संबंधच नाही. चेहरा दिसला नाही तर म्हातारा कायमचा खोटा ठरणार, आणि तेही माझ्या हाताने.

सुरुवातीलाच निवेदक म्हणाला, "दूरदेशीच्या एका बेटावर," आणि पडद्यावर आमच्या थळसमोरची खांदेरी. पोरं खुर्चीवरून पडायची बाकी होती. पाठलाग सुरू झाला तेव्हा भरती होती, इन्स्पेक्टर टेकडी उतरेपर्यंत पार सुकती, ओहोटीने किनारा उघडा पडलेला. माझा भाऊ म्हणाला, "सहा तास धावला बिचारा, एवढीशी टेकडी उतरायला." मीसुद्धा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

मग व्हिलन आला, पाठमोरा, कोट आणि टोपी घातलेला. मागून गोळ्या सुटतायत, वाळू उडतेय. होडीपाशी पोचल्यावर गडी थांबला. खाली वाकला, दोन्ही बूट काढले, वाळूत नीट शेजारी शेजारी ठेवले, होडीच्या टोकाला हात लावून कपाळाला लावला आणि मग चढला. होडी सुसाट निघाली. चेहरा एकदाही दिसला नाही.

लेक ओरडला, "कोण येडा आहे हा? पोलीस मागे लागलेत आणि बूट काय काढतो?"

दाराजवळून बाबा पहिल्यांदाच बोलले. "मंग? पायात बूट घालून होडीवर चढतंय का कोन?"

आई उठली, टीव्हीच्या अगदी जवळ गेली. "मागं घे," म्हणाली. मी घेतलं. तिने ते बूट काढणं दोनदा पाहिलं आणि म्हणाली, "हेच हायत."

मग जो काही गोंधळ झाला तो झाला. भावाने बाबांना उचललंच. बाबा जरा ओशाळले होते. म्हणाले, "तो डायरेक्टर लय भडकला व्हता. तीनदा परत करायला लावलं, तीनदा बूट निघालेच. मंग उजेड जायला लागला, म्हनला, ऱ्हाव दे." मी ते जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं. त्या शहाण्याने हात जोडलेला फोटो पाठवला.

लेकाने स्वतःची खुर्ची बाबांना दिली आणि म्हणाला, "आजोबा, पहिल्यापासून सांगा." बाबांनी आढेवेढे घेतले, पण दोनच मिनिटं. त्या दिवशी त्यांनी ती गोष्ट पाच वेळा सांगितली. पाचव्या वेळेला गोळ्या खऱ्या झाल्या होत्या, आणि आईसुद्धा काही बोलली नाही.