मागून नेलेली बादली

लिंगपूजा केल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, ही आमच्या घरची रीत. लहानपणी दीक्षा झाल्यापासून मी ती पाळत आलो. औशातल्या माझ्या दुकानात कितीही गिऱ्हाईक असलं तरी आधी तळहातावर इष्टलिंग, मग शटर. पण गेल्या पावसाळ्यानंतर माझा हात थरथरू लागला. तळहातावर लिंग ठेवलं, त्याच्यावर नजर लावली, की मला त्या काळ्या गुळगुळीत शिळेत गढूळ पाणी दिसायचं आणि त्यात बुडालेली एक नाव. हळूहळू मी पूजा टाळू लागलो. लिंग गळ्यातल्या डबीत बंद राहिलं आणि मी चोरासारखा जेवत राहिलो. देव माझ्यावर रागावला असेल का, हा प्रश्न विचारायचीही मला लाज वाटत होती.

नाव गंगाधरची. नांदेडच्या वरच्या अंगाला, जिथं धरणामुळे गोदावरी फुगून थबकते, तिथं तो मासे धरतो. बायको गेल्यावर त्यानं गावातली खोली सोडली आणि नावेतच संसार मांडला. लाकडी नाव, वर पत्र्याचं छप्पर, एका कडेला स्टोव्ह, एका कडेला अंथरूण. तरुणपणी मी नांदेडात नोकरीला होतो, तेव्हापासूनची आमची मैत्री. दुकानाचा शीण आला की मी एसटीनं त्याच्याकडे जायचो आणि एक-दोन रात्री नावेत झोपून परत यायचो.

गेल्या पावसाळ्यातल्या त्या खेपेला तो भाचीच्या लग्नाला धर्माबादला गेला. नाव माझ्यावर सोपवून जाताना एवढंच म्हणाला, "दोर सैल ऱ्हाऊ दे, आप्पा." पण वारा सुटला. नाव दोराच्या टोकाला जाऊन हिसका द्यायची, पुन्हा मागं यायची. मला ते हेलकावणं सोसेना. मी दोर ओढून ओढून आखूड केला आणि घाटाच्या खालच्या लोखंडी कडीला गच्च बांधला. नाव निमूट उभी राहिली. मला बरं वाटलं आणि मी जेवायला शहरात गेलो. वर कुठंतरी पाऊस झाला होता. नदी वाढली, नावेला तिच्याबरोबर वर उठता आलं नाही. तिचं नाक त्या आखूड दोरानं खाली धरून ठेवलं आणि पाणी आत शिरलं. मी आलो तेव्हा पाण्यावर फक्त छपराचा एक कोपरा होता.

गंगाधर आल्या आल्या मी सगळं सांगितलं. त्यानं छपराच्या त्या कोपऱ्याकडं एकदा बघितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमच्या गावाला पाणी टँकरनं येतंय, आप्पा. तुला वाढलेलं पाणी कुठून ठाऊक असणार?" आणि हसला. तो शिव्या देता तर मी सुटलो असतो. त्या हसण्यानं मला कुठंच जागा ठेवली नाही.

नदी उतरल्यावर दोर लावून नाव काठावर ओढली. गाळ उपसला. हिवाळाभर सवड मिळेल तसा मी जात राहिलो. कुजलेल्या फळ्या काढल्या, सागवानी बसवल्या, फटींत कापूस ठासला, वर डांबर फिरवलं. कोवळ्या उन्हात, डांबराच्या वासात, आम्ही फार न बोलता काम करायचो. गंगाधर तोवर घाटावरच्या ओवरीत झोपत होता. त्याची थोरली बहीण, अक्का, फोनवर रोज एकच सांगायची, "ते लाकूड चुलीला घाल अन् माझ्याकडं ये." शेवटी त्यानं तिला शब्द दिला. चैत्रात नाव पाण्यात घालायची. तरली तर तो नदीवर राहणार, नाही तर अक्काबरोबर धर्माबादला. गंगाधर धर्माबादच्या गल्लीत, खिडकीशी बसलेला, हे चित्र मला डोळ्यांपुढं आणवत नव्हतं.

चैत्रात आम्ही नाव गुडघाभर पाण्यात ढकलली आणि ती खाली बसावी म्हणून तळात दगड ठेवले. उन्हानं आकसलेल्या फळ्यांमधून लगेच पाणी झिरपू लागलं. गंगाधर म्हणाला, "येऊ दे. पूर्ण भरू दे तिला. लाकूड पाणी प्यालं की फुगतंय, फटी आपसूक मिटतात. मी अक्काला घेऊन येतो तवर हात लावू नको."

मला समजलं होतं. पण तो गेला, आणि पाणी घोट्याला लागलं, तसं डोळ्यांपुढं तेच गढूळ पाणी आलं. तिला पुन्हा बुडताना मी कसं बघू? मी बादली घेतली आणि उपसू लागलो. दिवसभर उपसलं. रात्री डुलक्या घेत उपसलं. सकाळी हाताला फोड आले होते आणि वरच्या फळ्या कोरड्याच्या कोरड्या, फटी तशाच उघड्या होत्या. मी उपसत होतो म्हणूनच पाणी येत होतं, हेही कळत होतं. तरी हात थांबत नव्हते.

ऊन चढल्यावर एक बाई घाटावरून उतरली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, वय सांगता येणार नाही असा चेहरा.

"दादा, ती बादली दे की. देवाला गंगेचं पाणी न्यायचंय."

"डांबरानं बरबटली हाय, माय."

"पाणी तर गंगेचंच हाय न्हवं?"

"नाव बुडायली इथं! दिसंना का तुमाला?"

ती पदर तोंडाला लावून हसली. "गुडघाभर पाण्यात कुठं बुडून राहिली रे ती? लई घाबरट हाईस. आण इकडं. बस जरा."

का कोण जाणे, मी बादली दिली. तिनं ती भरली, कमरेवर घेतली आणि पायऱ्या चढून गेली. मी वाट बघितली. हाका मारल्या. ती आली नाही. दुसरं भांडं नव्हतं. ओंजळीनं पाणी काढून बघितलं आणि माझं मलाच हसू आलं. मग मी नावेतल्या आडव्या फळीवर बसलो.

कितीतरी महिन्यांनी माझे हात रिकामे होते. ते आपसूक गळ्याकडे गेले. डबी उघडली, इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं. बेल नव्हता, विभूती नव्हती. अभिषेकाचं पाणी मात्र माझ्याकडं स्वतःहून येत होतं. ओंजळ भरायला वाकावंही लागलं नाही. पाणी पोटरीला लागलं, मांडीला लागलं. ऊन पाण्यावर हलत होतं, छपराच्या पत्र्यावर त्याची जाळी थरथरत होती, बगळे कुठंतरी दूर बोलत होते. हात थरथरत नव्हता. मी त्या काळ्या शिळेत बघत होतो आणि तिच्यात आज गढूळ काही नव्हतं. नाव अलगद खाली बसली, झोपलेल्या लेकरासारखी. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एक झालं. नाव कुठं संपते आणि नदी कुठं सुरू होते, मी कुठं, हे काही वेळ मला सांगता आलं नसतं. मी रडत होतो बहुतेक.

दुसऱ्या दिवशी गंगाधर आला, मागून अक्का, डोक्यावर घाटावर रांधायला आणलेलं पितळी पातेलं आणि भांड्यांचं गाठोडं.

"अगं बाई, ही तर बुडली की रे!" अक्का ओरडली.

गंगाधरनं माझ्याकडं बघितलं. "हात लावला न्हाईस?"

"लावला. मग कोणीतरी बादली नेली."

आम्ही दगड काढले. अक्काच्याच पातेल्यानं पाणी उपसलं. नाव हलली, उठली, डोलू लागली. अक्का आत उतरली, गुडघे टेकून तिनं फळ्यांच्या जोडावरून बोट फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं. पाणी येत नव्हतं. ती उठली. मग पातेलं स्टोव्हच्या जागेवर ठेवून म्हणाली, "हे ऱ्हाऊ दे इथंच. अन् सणाला तरी येत जा, मुडद्या."

ती बाई कोण, हे मी घाटावर विचारलं. कोणाला ठाऊक नव्हतं. बादली कुठल्या देवळात सापडली नाही, मीही फार शोधली नाही. गावातलीच कोणी असेल, विसरली असेल. मला तिच्याबद्दल काही सिद्ध करायचं नाही. एवढंच म्हणतो, की देवाकडे मी आयुष्यभर काही ना काही मागत आलो. त्या दिवशी त्यानं माझ्या हातातलं काढून घेतलं, आणि मी वाचलो. रोज सकाळी लिंग तळहातावर घेताना मी आधी त्या हिरव्या लुगड्याला नमस्कार करतो.

नाव तरली त्या संध्याकाळी वारा सुटला. गंगाधरनं दोराचं टोक माझ्या हातात दिलं. "बांध, आप्पा."

मी वरच्या कडीला बांधला, भरपूर सैल. नाव दोराच्या टोकापर्यंत गेली, हिसका बसला, पुन्हा मागं आली. मग मी तिच्यात आडवा झालो आणि तिला जाऊ दिलं, येऊ दिलं.