नदीकाठचा सत्कार

मलेशियात मुलीकडे गेलो होतो, तेव्हा ती मला एका वृद्ध मलय कवींच्या सत्काराला घेऊन गेली. कोळ्याच्या घरात जन्मलेले हे गृहस्थ आयुष्यभर आपल्या गावच्या नदीवर लिहीत आले. त्यांच्या कविता तिथल्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ आहेत. मांडव त्याच नदीच्या काठी घातला होता. पाणी काळंकुट्ट, त्यावर रबर कारखान्याचा फेस, आणि कुजका वास. संयोजक सुगंधी फवाऱ्याचा डबा घेऊन नदीच्या दिशेने फुसफुस मारत होते. कवी वाचत होते. पाहुणे नाकाला रुमाल लावून ऐकत होते आणि "वाहवा" म्हणण्यापुरता तो बाजूला करत होते. मला वासापेक्षा त्या वाहवेचीच किळस आली. नदी मारायची आणि तिच्यावरच्या ओळींना हार घालायचे!

जेवताना कवींच्या ताटात मासा वाढला. त्यांनी काहीतरी विचारलं. मुलगी माझ्या कानात म्हणाली, "बाबा, ते विचारतायत, मासा इथलाच का?"

"छे हो, सर!" संयोजक अभिमानाने इंग्रजीत म्हणाले. "इथला कोण खाईल? विमानाने मागवलाय."

कवींनी ताट सरकवलं आणि ते उठले. मीही हातातला घास ताटात ठेवला.